कळपाविना पाळक : पेगन समुदायातील पाळकीय सेवा आणि चॅपलेन-प्रशिक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत रुग्ण दाखल होताना त्याला त्याचा धर्म विचारला जातो. वरवर ही चौकशी औपचारिक वाटते. परंतु तिच्यामागे एक व्यवस्था उभी असते. रुग्णाने 'कॅथलिक' असे सांगितले तर पाद्र्याला निरोप जाऊ शकतो, 'ज्यू' असे सांगितले तर रब्बीला. रुग्णाने 'पेगन' असे सांगितले तर निरोप कोणाला धाडावयाचा, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय या अनुत्तरित प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूचा आहे. असा निरोप घेण्यास पात्र व्हावे अशी इच्छा असलेल्या पेगन व्यक्तीला त्यासाठीचे प्रशिक्षण कोठे मिळते, ते कोणत्या अटींवर मिळते आणि त्या अटी मुळात कोणाला डोळ्यांसमोर ठेवून घडल्या, याचा शोध येथे घेतला आहे.

'पेगन' ही संज्ञा ख्रिस्ती परंपरेने अख्रिस्ती उपासकांसाठी हिणवण्याच्या अर्थाने वापरली. विसाव्या शतकात काही उपासकांनी ती अभिमानाने स्वीकारली. ब्रिटनमध्ये चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यानंतर जेराल्ड गार्डनर यांचा 'विचक्राफ्ट टुडे' हा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि 'विका' या पंथाला जाहीर रूप मिळाले. विका, ड्रुइड, उत्तर युरोपीय देवतांचे उपासक अशा अनेक प्रवाहांना आज 'पेगन' हे एकच छत्र पुरते. या प्रवाहांना सर्वमान्य धर्मग्रंथ नाही, एक संस्थापक नाही आणि केंद्रीय धर्मपीठही नाही. निसर्गाचे पावित्र्य, ऋतुचक्रातील सण आणि देवतांची अनेकता हे त्यांच्यातील सामान्यतः आढळणारे दुवे होत.

या चिकित्सेसाठी तीन ग्रंथ आधारभूत धरले आहेत : अँटन बॉयझन यांचा 'द एक्स्प्लोरेशन ऑफ द इनर वर्ल्ड' (१९३६), स्टारहॉक, एम. माचा नाइटमेअर व रिक्लेमिंग समूह यांचा 'द पेगन बुक ऑफ लिव्हिंग अँड डाइंग' (१९९७) आणि हॉली एमोर यांचा 'कॉन्स्टेलेटेड मिनिस्ट्री' (२०२१). पहिला ग्रंथ प्रशिक्षणपद्धतीच्या जनकाचा आहे. उरलेले दोन पेगन समुदायाने स्वतःसाठी लिहिलेले आहेत. पेगन उमेदवाराची खरी अडचण रुग्णशय्येजवळच्या शिक्षणात नसून त्या शिक्षणाच्या भोवती उभ्या केलेल्या दारांत आहे, आणि त्या दारांपैकी एकाची किल्ली पेगन समुदायाने स्वतःच दीर्घकाळ घडवली नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

'पाळक' या शब्दाचे ओझे

मराठी ख्रिस्ती समाजात धर्मोपदेशकाला 'पाळक' म्हणतात. हा शब्द अतिशय नेमका आहे. कारण इंग्रजीतील 'पास्टर' या शब्दाच्या मुळाशी असलेला मेंढपाळ त्यात जिवंत राहिला आहे. मेंढपाळ आहे म्हणजे कळप आहे. कळप आहे म्हणजे त्याची हद्द, त्याची मोजदाद आणि चुकलेल्या मेंढराचा शोधही आहे. 'पाळकीय सेवा' ही संज्ञा या संपूर्ण प्रतिमेसह अवतरते. विसाव्या शतकातील अमेरिकन पाळकीय चिंतनात सीवर्ड हिल्टनर यांनी १९५८ च्या 'प्रिफेस टू पास्टोरल थिऑलॉजी' या ग्रंथात मेंढपाळाच्या दृष्टिकोनालाच मध्यवर्ती स्थान दिले. म्हणजे आधुनिक मानसशास्त्राशी संवाद साधतानाही या क्षेत्राने आपली मूळ प्रतिमा सोडली नाही.

पेगन परंपरांतील मोठा भाग या प्रतिमेशी मेळ खात नाही. रिक्लेमिंग या सॅन फ्रान्सिस्को परिसरात उदयास आलेल्या परंपरेने १९९७ मध्ये आपली एकतेची तत्त्वे सर्वसंमतीने स्वीकारली. प्रत्येक व्यक्तीच्या ठायी देवत्व आहे आणि अंतिम आध्यात्मिक अधिकार तिच्या अंतर्यामीच आहे, हा त्या तत्त्वांचा गाभा आहे. विकामधील अनेक लहान उपासकगटांत, म्हणजे कव्हेनमध्ये, दीक्षा घेतलेला प्रत्येक सदस्य पुरोहित अथवा पुरोहिता मानला जातो. जेथे सर्वच पुरोहित आहेत तेथे कळप कोणाचा आणि पाळक कोण? ही केवळ शब्दाची अडचण नाही. ज्या व्यवसायाचे नावच एका विशिष्ट नात्यावर उभे आहे, त्या व्यवसायात ते नाते न मानणाऱ्या माणसाने शिरावे कसे, हा तात्त्विक प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर असे दिले जाते की, नाव बदलावे आणि 'आध्यात्मिक सेवा' म्हणावे. अमेरिकन रुग्णालयांत ही संज्ञा आज रूढही झाली आहे. परंतु नाव बदलल्याने पात्रतेच्या अटी बदलत नाहीत. म्हणून नावापलीकडे जाऊन प्रशिक्षणाची घडण पाहणे आवश्यक ठरते.

बॉयझन यांची पद्धत : अनपेक्षित आश्रय

अँटन बॉयझन हे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. १९२० मध्ये तीव्र मानसिक विकारामुळे त्यांना मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. या अनुभवातून बाहेर पडल्यावर त्यांनी मनोरुग्णांच्या सेवेचा मार्ग धरला. १९२४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅपलेन झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी रुग्णांच्या सहवासात शिकण्यासाठी तेथे आणले. आज 'क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन', म्हणजेच सीपीई, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचा हा आरंभ होय.

बॉयझन यांची मध्यवर्ती कल्पना अशी की, धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने छापील ग्रंथांप्रमाणेच जिवंत माणसांनाही ग्रंथ मानून वाचावे. १९३६ च्या त्यांच्या ग्रंथात मानसिक विकार आणि धार्मिक अनुभव यांतील नात्याचा शोध आहे. परंतु त्या शोधाचे बळ लेखकाच्या अधिकारात नसून त्याच्या जखमेत आहे. रुग्ण राहिलेला माणूस रुग्णांविषयी लिहितो, ही त्या ग्रंथाची विशेषता. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. धार्मिक अनुभवाचे मोजमाप करताना बॉयझन प्रोटेस्टंट चौकटीतूनच पाहतात. संघर्ष, पश्चात्ताप आणि नवजीवन हा क्रम त्यांना जवळचा वाटतो. ऋतुचक्राप्रमाणे येणेजाणे मानणाऱ्या, पापाच्या कल्पनेला मध्यवर्ती स्थान न देणाऱ्या उपासकाचा अनुभव या क्रमात सहज बसत नाही.

असे असले तरी बॉयझन यांची पद्धत त्यांच्या चौकटीपेक्षा मोठी ठरली. सीपीईचे एक सत्र किमान ४०० तासांचे असते. त्यांपैकी किमान १०० तास गटचर्चा व वैयक्तिक मार्गदर्शन अशा नियोजित शिक्षणासाठी असतात. उरलेल्या काळात प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष रुग्णसेवा करतो. रुग्णाशी झालेला संवाद तो आठवणीतून शब्दशः लिहून काढतो आणि गटापुढे ठेवतो. रुग्ण मृत्यूविषयी बोलू लागताच आपण विषय का बदलला, रडणाऱ्या आईजवळ आपल्याला शांत का बसवले नाही, घाईने प्रार्थना म्हणण्यामागे तिची गरज होती की आपली अस्वस्थता, असे प्रश्न गट विचारतो. या प्रश्नांना कोणत्याही एका धर्मग्रंथाची आवश्यकता नाही.

किंबहुना धर्मग्रंथाचे वचन हाताशी नसणे ही पेगन प्रशिक्षणार्थ्याची उणीव नसून जमेची बाजू ठरू शकते. ज्याच्यापाशी तयार वचन नाही, त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. आणि ऐकणे हेच या प्रशिक्षणाचे पहिले पाऊल आहे. म्हणून 'पाळक' या शब्दातून जी विसंगती दिसते, ती रुग्णशय्येजवळ पुष्कळ अंशी विरते असे म्हणता येईल.

दोन पेगन ग्रंथ : विधी आणि प्रतिमा

'द पेगन बुक ऑफ लिव्हिंग अँड डाइंग' हा ग्रंथ मृत्यूसमयीचे विधी, प्रार्थना, आशीर्वचने आणि ध्याने यांचा संग्रह आहे. एका तरुण धर्मसमुदायाची पहिली पिढी वृद्ध होऊ लागली, आप्तांचे मृत्यू पाहू लागली, तेव्हा त्याला स्वतःच्या अंत्यविधींची गरज भासली. ती या ग्रंथाने भागवली. मृत्यूला शिक्षा अथवा पराभव न मानता जीवनचक्राचा एक टप्पा मानणे ही त्याची भूमिका. सामूहिक लेखन हाही त्याचा गुण होय; येथे एकच अधिकारवाणी बोलत नाही.

परंतु चॅपलेनच्या दृष्टीने वाचताना या ग्रंथाची एक मर्यादा जाणवते. त्यातील विधींना मुख्यतः परस्परांना ओळखणाऱ्या, एकाच भाषेत देवतांना हाक मारणाऱ्या माणसांचे वर्तुळ अभिप्रेत आहे. रुग्णालयातील रात्र अशी नसते. तेथे रुग्ण अनोळखी असतो, शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा माणूस असतो, प्राणवायू चालू असल्याने मेणबत्ती पेटवता येत नाही आणि खोलीबाहेर उभे असलेले आईवडील कित्येकदा मुलीचा धर्मच मान्य करीत नसतात. अशा वेळी कोणता विधी करावा यापेक्षा कोणता करू नये हे ठरवणे अधिक कठीण असते. विधिसंग्रह हे शिकवू शकत नाही. ते शिकवण्याचे काम सीपीईचे.

एमोर यांचा ग्रंथ यानंतर सुमारे २४ वर्षांनी आला आणि त्याचा रोख विधींपेक्षा सेवेकडे आहे. त्या चेरी हिल सेमिनरी या पेगन शिक्षणसंस्थेच्या संचालिका राहिल्या आहेत. त्यामुळे प्रशिक्षणाच्या अडचणी त्यांना जवळून ठाऊक आहेत. त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातील प्रतिमा लक्षणीय आहे. कळपाऐवजी त्यांनी तारकासमूह निवडला. तारकासमूहात मध्यभागी कोणी मालक नसतो. प्रत्येक तारा स्वयंप्रकाशी असतो आणि आकृती दिसते ती त्यांच्यातील संबंधांमुळे. पेगन समाजाची विखुरलेली, समतावादी घडण पाहता ही प्रतिमा समर्पक आहे आणि मेंढपाळाच्या प्रतिमेला तोलामोलाचा पर्याय देणारी आहे.

तथापि प्रस्तुत लेखकाला तिच्याविषयी एक शंका मांडाविशी वाटते. तारकासमूहाची आकृती दुरून दिसते. प्रत्यक्षात ते तारे परस्परांपासून अफाट अंतरावर असतात. रुग्णाला आकृती नको असते, जवळ बसलेले माणूस हवे असते. मेंढपाळाच्या प्रतिमेत अधिकाराचा दोष आहे हे मान्य केले, तरी हरवलेल्या एकासाठी मेंढपाळ निघतो, हे दायित्वही तिच्यातच आहे. अधिकार टाकताना हे दायित्व निसटू नये. पेगन पाळकीय चिंतनाची पुढील कसोटी येथेच लागेल.

दारावरील पहारा : पदवी आणि शिफारसपत्र

रुग्णशय्येजवळचे शिक्षण खुले असले तरी व्यवसायाची दारे वेगळी आहेत. १९९८ मध्ये दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून उभ्या राहिलेल्या 'असोसिएशन ऑफ प्रोफेशनल चॅपलेन्स' या संघटनेच्या प्रमाणपत्रव्यवस्थेत सीपीईची ४ सत्रे, धर्मशास्त्रातील अथवा संबंधित विषयातील स्नातकोत्तर शिक्षण, २००० तासांचा कार्यानुभव आणि धर्मसमुदायाचे शिफारसपत्र या प्रमुख अटी राहिल्या आहेत.

पदवीची अट प्रथम पाहू. १९९० च्या दशकात व्हर्माँट राज्यात चेरी हिल सेमिनरीचा प्रारंभ झाला. पुढे ती साउथ कॅरोलायना राज्यात स्थलांतरित झाली. दूरशिक्षणाच्या मार्गाने पेगन सेवकांना शिक्षण देणारी ही संस्था म्हणजे मोठे धाडस होते. परंतु उच्च शिक्षणातील अधिस्वीकृती मिळवण्यासाठी ग्रंथालय, पूर्णवेळ अध्यापक आणि स्थिर निधी लागतो; आणि मंदिरे व वर्गणीदार यांचे जाळे नसलेल्या समुदायाला ते जमवणे किती अवघड, हे महाविद्यालयीन अध्यापकांना वेगळे सांगावयास नको. परिणामी अनेक पेगन उमेदवार अन्य धर्मपरंपरांच्या सेमिनरीत प्रवेश घेतात. युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट संघाने १९९५ मध्ये पृथ्वीकेंद्री परंपरांना आपल्या प्रेरणास्रोतांत अधिकृत स्थान दिल्यामुळे तो मार्ग काहींना सोयीचा ठरला. मात्र असा आश्रय म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहून आपले घर चालवणे होय.

शिफारसपत्राची अट अधिक कठीण आहे. या पत्राद्वारे एखादा धर्मसमुदाय सांगतो की, हा उमेदवार आमचा आहे आणि त्याच्या वर्तनाला आम्ही उत्तरदायी आहोत. ही अट किती निर्णायक ठरते हे लष्करातील दोन घटनांवरून दिसते. इराकमध्ये सेवेत असलेले अमेरिकन लष्करी चॅपलेन डॉन लार्सन यांनी २००६ मध्ये पेंटेकोस्टल पंथ सोडून विका पंथाचे पहिले लष्करी चॅपलेन होण्यासाठी अर्ज केला. टेक्सासमधील सेक्रेड वेल काँग्रिगेशन ही विका संस्था त्यांची शिफारस करण्यास तयार होती. परंतु नव्या शिफारशीला मान्यता मिळण्यापूर्वीच जुन्या धर्मसंस्थेने आपली शिफारस काढून घेतली. लार्सन यांचे चॅपलेनपद गेले आणि अर्जही नामंजूर झाला. त्यांच्या कौशल्यात एका दिवसात कोणताही फरक पडला नव्हता. फरक पडला तो कागदात.

याउलट २०११ मध्ये कॅप्टन प्रतिमा धर्म या अमेरिकन सैन्यदलांतील पहिल्या हिंदू चॅपलेन झाल्या. त्याही त्यापूर्वी ख्रिस्ती चॅपलेन म्हणून सेवेत होत्या. त्यांच्यामागे चिन्मय मिशन वेस्ट ही संस्था उभी राहिली. हिंदू धर्मालाही केंद्रीय धर्मपीठ नाही, एकच ग्रंथ नाही. या दृष्टीने त्याची घडण पेगन प्रवाहांना बरीच समांतर आहे. तरीही एका संघटित मिशनचे पत्र उपलब्ध असल्याने दार उघडले. या तुलनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. केंद्रीय धर्मपीठाचा अभाव हा असाध्य अडथळा नाही. आणि पत्र देणारी संस्था कोण, तिला किती प्रतिष्ठा आहे, यावर उमेदवाराचे भवितव्य अवलंबून राहते.

तुरुंगांच्या क्षेत्रात हीच विषमता वेगळ्या रूपात दिसते. १९८६ मधील डेटमर विरुद्ध लँडन या खटल्यात अमेरिकेच्या चौथ्या मंडल अपील न्यायालयाने विका हा राज्यघटनेच्या अर्थाने धर्म असल्याचे मान्य केले. तरीही कॅलिफोर्नियातील तुरुंगांत सवेतन चॅपलेनपदे प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू, मुस्लिम आणि मूळ अमेरिकन या पाच परंपरांपुरती होती. तेथे स्वयंसेवक म्हणून काम करणारे विका चॅपलेन पॅट्रिक मॅकॉलम यांनी या धोरणाला आव्हान दिले. २०११ मध्ये नवव्या मंडल अपील न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला आणि बंदिवानांच्या हक्कांचा दावा मांडण्याचा अधिकार त्यांना नाही असे ठरवले. धर्म म्हणून मान्यता मिळणे आणि त्या धर्माच्या सेवकाला पद मिळणे यांत किती अंतर आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मृत्यूनंतरही हे अंतर राहिले होते. २००५ मध्ये अफगाणिस्तानात मृत्युमुखी पडलेले सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट यांच्या स्मृतिफलकावर पंचकोनी ताऱ्याचे चिन्ह कोरण्यास शासकीय अनुमती नव्हती. त्यांच्या पत्नीने व इतरांनी न्यायालयीन लढा दिल्यानंतर एप्रिल २००७ मध्ये झालेल्या तडजोडीने ती मिळाली. दगडावर चिन्ह कोरून घेण्यासाठी जर इतका संघर्ष करावा लागला, तर रुग्णशय्येजवळ जिवंत माणूस पोचवण्यासाठी किती लागेल याची कल्पना करता येते.

एक प्रतिवाद

येथपर्यंतच्या विवेचनावरून शिफारसपत्राची अट अन्यायकारक असून ती रद्द करावी, असा निष्कर्ष कोणी काढील. प्रस्तुत लेखकाला तो मान्य नाही. रुग्ण आणि बंदिवान हे अत्यंत असहाय स्थितीतील लोक असतात. त्यांच्या खोलीत 'मी आध्यात्मिक सेवक आहे' असे म्हणत कोणीही यावे हे घातक आहे. एखाद्या सेवकाने विश्वासाचा भंग केला तर त्याला जाब विचारणारे कोणीतरी हवे. ज्या परंपरेत अंतिम अधिकार प्रत्येकाच्या अंतर्यामी आहे, त्या परंपरेने हा प्रश्न स्वतःला अधिक कठोरपणे विचारला पाहिजे. कारण अंतर्यामीचा अधिकार स्वतःच्या उपासनेपुरता पुरेसा असला, तरी दुसऱ्याच्या दुःखाला हात घालताना तो पुरेसा नसतो.

पेगन समुदायाने या दिशेने काहीच केले नाही असे नाही. विस्कॉन्सिनमधील सर्कल सँक्च्युअरी (१९७४) आणि कॅलिफोर्नियात स्थापन झालेली कव्हेनंट ऑफ द गॉडेस (१९७५) या संस्थांनी आपल्या सेवकांना मान्यता देण्याच्या पद्धती निर्माण केल्या. परंतु संघटनेविषयीचा मूलभूत संशय मोठ्या वर्गात टिकून राहिला. चर्चच्या अधिकाराला कंटाळून आलेल्या माणसांना नवे चर्च नको होते. हा संशय समजण्यासारखा आहे. मात्र त्याचे मोल संशय घेणाऱ्याला द्यावे लागत नाही, ते रुग्णाला द्यावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पेगन चॅपलेनच्या प्रशिक्षणाचा प्रश्न केवळ सहिष्णुतेचा नाही. बॉयझन यांच्या पद्धतीने रुग्णशय्येजवळ सर्वांना जागा करून दिली. जिवंत माणसाला वाचण्यासाठी विशिष्ट धर्मग्रंथाची अट तिने घातली नाही. पेगन ग्रंथांनी विधी दिले, प्रतिमा दिली. अडथळा उरतो तो पदवी व शिफारस यांच्या रचनेत. कारण ती रचना सभासदांची नोंदवही असलेले चर्च गृहीत धरून घडली आहे. व्यवसायाने उत्तरदायित्वाची अट कायम ठेवून तिचे चर्चसदृश रूप सैल करावे आणि पेगन समुदायाने आपले स्वातंत्र्य राखून उत्तरदायित्वाच्या संस्था बळकट कराव्यात, असे दुहेरी कार्य अपेक्षित आहे. हिंदू चॅपलेनच्या उदाहरणावरून हे अशक्य नाही असे दिसते.

या साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी उमेदवाराचे करिअर नसून खाटेवरचा माणूस आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या हाती थोडे तास असतात. ते तास आपला धर्म म्हणजे काय हे समोरच्याला समजावून सांगण्यात जाऊ नयेत, एवढीच त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा कोणत्याही धर्माच्या माणसाची असते, आणि ती पुरी करण्याची जबाबदारी प्रशिक्षण देणाऱ्यांवर जितकी आहे तितकीच ते घेऊ इच्छिणाऱ्यांच्या समुदायावरही आहे.